सदर खानावळीशी मंडळाचा संबंध नाही

राहाता,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंकजा,

सप्रेम नमस्कार. फोन केला की तू "होईल गं नीट" म्हणतेस आणि दारात गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. कारखान्यावरच्या साखरशाळेत असल्यापासून आपण एकमेकींना लिहीत आलोय, आणि लिहिलेलं तुला मधेच तोडता येत नाही.

दोन वर्षं झाली तू इकडे आली नाहीस, म्हणून सगळं मांडून सांगते. आपल्या पाथर्डीकडची चाळीसेक घरं आता राहात्यात आहेत. आपले आईबाप इकडे ऊस तोडायला यायचे. त्यांची मुलं इथेच राहिली आणि कुणी टायरचं दुकान टाकलं, कुणी सलून, कुणी चहाची टपरी. या सगळ्यांचं 'पूर्वभाग व्यावसायिक मंडळ' आहे आणि त्याचा अध्यक्ष तुझा अजिनाथदादा. पाच वर्षांपूर्वी मी आणि सम्राट आलो तेव्हा हा खानावळीचा गाळा त्यानंच मिळवून दिला. ते मी विसरलेले नाही. मंडळाचा माणूस आजारी पडला की सगळी धावतात, नवा आला की त्याला उभा करतात. तुझ्या वृषालीवहिनी डेंग्यूनं दवाखान्यात होत्या तेव्हा अठरा दिवस दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून गेला. आम्ही काही उपकार केले नाहीत. आपल्या माणसांत असंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो.

या दसऱ्याला आम्ही खानावळीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो लावला. पाच वर्षं नुसतं कॅलेंडर होतं. सम्राट म्हणाला, आता धंदा पायावर उभा आहे, आता लावू. हार घातला, खीर केली, शेजारपाजारच्यांना वाटली.

पुढच्या आठवड्यात मंडळाची माणसं यायची थांबली. शेजारच्या सलूनवाल्या कानिफनाथनं पाच वर्षं आमच्याकडेच दुपारचं जेवण केलंय. आता तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आत घरची भाकरी खातो, आणि मी बाहेर आले की वस्तऱ्याला धार लावत बसतो. मग अजिनाथदादा आला. बसला नाही, उभ्यानंच बोलला.

"दीपा, फोटो काय वाईट न्हाई. मी बी मानतो. पन धंद्याच्या जागी कशापाय? गावाकडचं गावाला ठेवायचं. इथं तुमी आमचे म्हनून राहिलात, कुनी काय इचारलं न्हाई. आता समदे इचारायला लागलेत."

मी म्हटलं, "काय विचारतात?"

"तुला म्हाईत हाय," म्हणाला.

जाता जाता सांगून गेला की सव्वीस जानेवारीच्या स्नेहमेळाव्याचा स्वयंपाक यंदा बाहेरून घेणार. मागची तीन वर्षं तो मी केला होता. मेळाव्याला तुम्ही या, म्हणाला, जेवायला.

तू त्याची एकुलती बहीण. तुझं तो ऐकतो. एकदा विचार त्याला, नीट, तोंडावर.

तुझी,
दीपा

*

काष्टी,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटलं, पण खरं सांगू का, तू जरा ताणतेयस.

दादा तसा नाही. जातपात मानणारा असता तर त्यानं तुम्हाला गाळा मिळवून दिला असता का? मालकाच्या पाया पडला होता तो तुमच्यासाठी. चाळीस घरांचं मंडळ सांभाळायचं म्हणजे चाळीस तोंडं सांभाळायची. त्यातल्या दोन-चार जणांनी काही म्हटलं असेल, त्यालाही मधला मार्ग काढावा लागतो. भाऊबीजेला तो आला होता, पण घाईत होता. ओवाळलं, जेवला आणि गेला. तुझा विषय निघाला नाही. निघाला असता तर मी बोलले असते.

मी इथे काष्टीत शिवणकामाचं दुकान चालवते, त्याला नऊ वर्षं होतील. लग्न होऊन आले तरी बाजारपेठेतल्या बायकांना मी अजून 'पाथर्डीची' आहे. माझ्या बोलण्याला हसतात. मी काही बोलत नाही. परक्या गावात धंदा करायचा तर डोकं खाली घालावं लागतं, दीपा, तुलाही आणि मलाही. आमचे हर्षलही हेच म्हणतात.

माझं ऐकशील तर फोटो घरात लाव. श्रद्धा काय, घरातही असते. दोन महिने जाऊ दे. मेळावा झाला की सगळे विसरतील आणि कानिफनाथ पुन्हा तुझ्या बाकावर येऊन बसेल. तेवढ्यासाठी जन्माचे संबंध तोडू नकोस. दादानं तुमच्यासाठी केलेलं आठव.

सम्राटभाऊजींना नमस्कार.

तुझी,
पंकजा

*

राहाता,
३ डिसेंबर २०२४

पंकजा,

जय भीम. आजवर तुला लिहिताना हे वर कधी लिहिलं नाही. तुझ्या सासरी पत्र कुणाच्या हाती पडलं तर तुला उत्तरं द्यावी लागतील, म्हणून. इतकी वर्षं तुझी सोय बघितली. आता पुरे.

तू लिहितेस, तुलाही डोकं खाली घालावं लागतं. तुझ्या बोलण्याला हसतात, पंकजा. तू शिवलेला कपडा अंगाला लागला तर विटाळ होतो असं तिथं कुणी म्हणतं का? दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नकोस.

दादानं गाळा मिळवून दिला, खरं आहे. म्हणून त्या गाळ्याची भिंत त्याची झाली का? त्यावर काय लावायचं ते त्यानं ठरवायचं का? आम्ही कोण आहोत हे गावातल्या प्रत्येकाला जन्मापासून माहीत आहे. इथं येऊन आमच्या हातचं जेवले तेव्हाही माहीत होतं. फक्त राहात्यातल्या लोकांना माहीत नव्हतं, तोवर आम्ही 'आपली माणसं' होतो. म्हणजे आपलेपणा आमच्या गप्प बसण्यावर उभा होता. तो मोडला फोटोनं नाही. आम्ही बोललो म्हणून मोडला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सम्राटनं ते वाचलं आणि स्टूल घेऊन फोटो उतरवला. मी भाजीला फोडणी देत होते, बाहेर आले तर भिंतीवर दोन खिळे. तो म्हणाला, "पंकजाताई बी तेच म्हनतायत. त्या तर आपल्या हायेत."

त्याला इतकं वाकलेलं मी कधी बघितलं नाही. ऊस तोडून, रिक्षा चालवून, हॉटेलात भांडी घासून ज्यानं ही खानावळ उभी केली, तो माणूस फोटो छातीशी धरून विचारत होता, कुठं ठेवू. मी गॅस बंद केला, स्टुलावर चढले आणि फोटो होता तिथं पुन्हा लावला. दुपारच्या गिऱ्हाइकांनी बघितलं. बघू दे.

सल्ला देण्याआधी तू तुझ्या भावाला एक प्रश्न तरी विचारायला हवा होतास. तेवढंच मागितलं होतं.

दीपा

*

राहाता,
१८ डिसेंबर २०२४

पंकजा,

काल भर दुपारी, सगळे बाक भरलेले असताना, तपासणीचे साहेब आले. आमच्याविरुद्ध लेखी तक्रार होती. गिऱ्हाइकांच्या समोर पिठाचा डबा, तेल, पाण्याची टाकी, सगळं उघडून बघितलं. नमुने घेतले. साहेब नीट बोलले, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण जेवत्या ताटावरून माणसं उठून गेली.

मी तक्रार बघायला मागितली. त्यांनी प्रत दाखवली. वर मंडळाचा छापील कागद, खाली अजिनाथदादाची सही. मधे लिहिलंय: "सदर खानावळीत स्वच्छता पाळली जात नाही. शिळे अन्न गरम करून दिले जाते. सदर खानावळीशी मंडळाचा काहीही संबंध नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती."

आमच्या खानावळीचं नाव वेड्यावाकड्या अक्षरात नंतर भरलेलं आहे. ते दादाचं. बाकीचं अक्षर मी पंधरा वर्षं पाकिटावर बघत आले आहे.

मला काही विचारायचं नाही. मी ओळखलं, एवढं कळवते.

दीपा

*

काष्टी,
६ जानेवारी २०२५

दीपा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले. खोटं लिहून फाडलं, अर्धं खरं लिहून फाडलं. आता जे झालं ते लिहिते.

भाऊबीजेला दादा आला तेव्हा घाईत नव्हता. दुपारभर होता. ओवाळणी झाल्यावर त्यानं पिशवीतून मंडळाचा कागद काढला. म्हणाला, "पंके, माजी शाळा सातवीत सुटली. तुजं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिहून दे." मंडळाचं नाव सांगून एक जण धंदा करतो, त्याची तक्रार करायची आहे, म्हणाला. मी विचारलं, कुणाची? तो म्हणाला, "हाय एक जन. नावाची जागा सोड, मी भरतो."

मी पुन्हा विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं असं लिहिता येईल. पण खानावळ हा शब्द त्यानं सांगितला आणि मी लिहिला. तुमच्या मंडळात खानावळ चालवणारं दुसरं आहे कोण? माझ्या मनात तुझं नाव आलं होतं. आलं आणि मी ते बाजूला सारलं. वर्षातून एकदा भाऊ घरी येतो, त्याला नाही कशाला म्हणा. मग तुझं पहिलं पत्र आलं, तेव्हा तर सगळंच कळलं. तरी तुला लिहिलं, विषय निघाला नाही.

आणखी एक आहे. ते तुला कधीच कळलं नसतं. दादा नुसतं म्हणाला होता, "जेवन चांगलं नसतं असं लिही." शिळं अन्न गरम करून देतात, हे माझे शब्द आहेत. अर्ज वजनदार व्हावा म्हणून मी घातले. साखरशाळेत माझी भाकरी कोरडी असली की स्वतःच्या ताटातली चटणी मला देणाऱ्या मुलीबद्दल मी ते लिहिलं, आणि लिहिताना शुद्धलेखन तपासलं.

दादाला फोन केला. म्हटलं, असं का केलंस? तो म्हणाला, सात-आठ घरं अडून बसली होती, दीपाच्या हातचं असेल तर मेळाव्याला जेवणार नाही म्हणून. तिला तोंडावर खरं कारण सांगायचं जिवावर आलं. तपासणी झाली की लोकांना कारण मिळतं, जातीचा विषय निघत नाही. "मी तिची लाजच राखली," म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता, दीपा. मला त्याचीच जास्त चीड आली.

माफी मागत नाही. मागायचा हक्क आहे असं वाटत नाही.

पंकजा

*

काष्टी,
२९ जानेवारी २०२५

दीपा,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही. पण सव्वीस तारखेला काय झालं ते तुला इतरांकडून कळेल, त्याआधी माझ्याकडून कळावं.

मी मेळाव्याला आले होते. हर्षल म्हणाले, भावाबहिणीचं आहे, घरात मिटव. मी म्हटलं, अर्ज घरात नव्हता गेला. एकटीच एसटीनं आले.

मंगल कार्यालयात सगळे जमले होते. तुम्ही दोघं नव्हतात. दादा स्टेजवर बोलत होता, परक्या मुलखात आपण एकमेकाला धरून राहिलो म्हणून टिकलो, आपल्यात कुणी मोठा न्हाई, कुणी लहान न्हाई. लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं मला बघितलं आणि कौतुकानं म्हणाला, आमची पंकजा बी काष्टीहून आलीय. मी उठले. त्याला वाटलं, आभार मानायला येतेय. माइक त्यानंच माझ्या हातात दिला.

फार काही बोलता आलं नाही. म्हटलं, "दीपा खानावळीविरुद्धचा अर्ज मंडळाच्या नावानं गेला. तो मी लिहिला. त्यातलं एक अक्षर खरं नाही. ती स्वच्छता पाळत नाही म्हणून नाही, तर तिनं बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून तो गेला. इथं बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे."

दादा हळूच म्हणाला, "पंके, खाली बस."

मी म्हटलं, "दादा, मी बसते. तू सांग, यातलं खोटं काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, बायांना माइक कशाला देता. तेवढ्यात चहाच्या टपरीवाल्या रतनबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "माजा मालक गेला तवा तेरा दिस माज्या पोरांनी कुनाच्या घरचं खाल्लं? दीपाच्या. तवा कुनी काय बोललं न्हाई. मी बी तीन महिनं गप बसले. त्याची लाज वाटती." आणि त्या पायात चपला घालून चालू लागल्या. त्यांच्या मागून कानिफनाथ गेला. मग अजून चौघं. बाकीचे बसून राहिले. पंगत बसली, वाढप सुरू झालं. चाळीस घरांतली सहा माणसं, दीपा, तेवढीच. जास्त सांगून तुला खोटा दिलासा देणार नाही.

मी तुझ्या रस्त्यापर्यंत आले. पलीकडच्या बाजूला उभी राहिले. ती सहाही जणं आत बसली होती आणि सम्राटभाऊजी ताटं मांडत होते. यायचं धाडस झालं नाही. एसटी पकडून परत आले.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या कार्यालयात माझ्या नावानिशी, पत्त्यानिशी लेखी दिलंय की तक्रारीतला मजकूर मी रचलेला आणि खोटा आहे. पोच सोबत जोडली आहे. दादानं फोन करून सांगितलं, माझ्या दारात येऊ नको आणि मी तुझ्या येणार नाही. आईनंही फोन ठेवला. हे तुला हळहळ वाटावी म्हणून लिहीत नाही. हे माझं मी केलेलं आहे.

पंकजा

*

राहाता,
१६ फेब्रुवारी २०२५

पंकजा,

जय भीम.

तपासणीचा निकाल सांगायला साहेब आले होते. नमुन्यांत काही निघालं नाही. साहेबांनी तुझा कागद फाईलला लावला आणि तक्रार बंद केली. जाताना त्यांनी पिठलं-भाकरी मागवली.

रतनबाई रोज येतात. कानिफनाथ त्या दिवशी येऊन बसला तेव्हा सम्राटनं त्याला काही न विचारता वाढलं. मी विचारलं. म्हटलं, "तीन महिने शटरामागं जेवलास. भाकरी गोड लागली का?" तो ताटाकडे बघत म्हणाला, "न्हाई लागली, वैनी." सम्राटला माझं बोलणं आवडलं नाही, आलेल्या माणसाला बोलू नये म्हणतो. त्याचं मन मोठं आहे. माझं सध्या तेवढं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

गेल्या सोमवारी मंडळाची तीन माणसं आली. दादा त्यांत नव्हता. झालं गेलं विसरून मंडळात या, म्हणाले. पुढच्या मेळाव्याचा स्वयंपाक तुमचाच. फक्त फोटो समोरच्या भिंतीवरून आत, गल्ल्याच्या मागं घ्या, म्हणजे तुमचं बी राहिलं आणि आमचं बी. सम्राटच उठला या वेळी. शांतपणे म्हणाला, "फोटो हितंच ऱ्हाईल. तुमी समोर बसा न्हाईतर बसू नका. आमी त्यावरनं जेवन बदलत न्हाई." ते गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले, खूप दिवसांनी.

तपासणीच्या दिवशी ताटावरून उठून गेलेली राहात्यातली गिऱ्हाइकं बहुतेक परत आली. गंमत बघ, ज्या परक्यांना घाबरून तुझा भाऊ हे सगळं करत होता, त्यांतल्या कुणी फोटोबद्दल एक शब्द विचारला नाही. एका म्हाताऱ्या गुरुजींनी फक्त हार वाळलाय म्हणून सांगितलं. भीती आपल्याच माणसांना होती. त्रासही त्यांनीच दिला. रतनबाई म्हणतात, आपण वेगळं मंडळ काढू. मी नको म्हटलं. पाटी आली की कोण आत, कोण बाहेर, हे ठरवणारा एक जण येतोच.

आता तुझं. कार्यालयात चाळीस घरांसमोर उभं राहणं सोपं नव्हतं हे मला कळतं. माहेर तुटलं, तेही कळतं. पण 'शिळे अन्न' हे शब्द मला पाठ झालेत. भाजी करताना आठवतात, ताट वाढताना आठवतात. माफ केलं असं लिहायला घेतलं तर हात पुढं जात नाही. राग आहे अजून. तो माझा आहे आणि तो मी काही दिवस ठेवणार आहे. तू तो लवकर काढून घ्यायची घाई करू नकोस.

त्या दिवशी तू रस्त्यापलीकडे उभी होतीस, ते मी बघितलं होतं. हाक मारली नाही.

पुन्हा अशी पलीकडून बघून जाऊ नकोस. यायचं असेल तर मंगळवारी ये. तीननंतर गर्दी नसते. मी भांडणार आहे, तेवढा वेळ काढून ये.

दीपा